पाळण्याआधीचं ताट

मराठी घरातली बाई एकदा गरोदर राहिली की तिनं काय खायचं ही चिंता तिला स्वतःला करावी लागत नाही. तिसऱ्या महिन्यात गुपचूप चोरओटी, सातव्यात वाजतगाजत डोहाळजेवण. तेही झोपाळ्यावरचं, चांदण्यातलं, नावेतलं, बागेतलं. जशी हौस आणि जसा खिसा. झाकलेल्या दोन वाट्या पुढे येतात, एकीत पेढा, दुसरीत बर्फी, आणि ती कुठल्या वाटीवर हात ठेवते इकडे सगळ्यांचे डोळे. बाळंतपण झालं की डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, जेवणावर बाळंतशोपा. ह्या प्रत्येक पदार्थाचं माप, वेळ आणि कारण आजीपासून पणतीपर्यंत तोंडपाठ.

इतक्या चोख व्यवस्थेत एक पान मात्र वाढायचं राहून गेलं आहे. लग्नाची पंगत उठल्यापासून चोरओटीपर्यंतच्या काळात त्या दोघांनी काय खावं, ह्याचा एकही समारंभ नाही, एकही ओवी नाही, लाडू तर नाहीच. त्या काळासाठी समाजाने फक्त एक प्रश्न राखून ठेवला आहे: "काय मग, काही विशेष?"

आमच्या मीरा रोडला हा प्रश्न अनेक भाषांत विचारला जातो. इमारतीला लिफ्ट एक आणि भाषा सहा. त्यामुळे तळमजल्यावर "खुशखबर कब" म्हणून सुरू झालेली चौकशी चौथ्यापर्यंत गुजराती होते आणि आमच्या मजल्यावर येईतो मराठीत "काही विशेष" बनून थांबते. आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, एक जोडपं राहतं. ती अंधेरीला नोकरीला, तो लोअर परळला. सकाळी दोघं दोन वेगळ्या गाड्यांना लोंबकळतात आणि रात्री एकाच रिक्षातून घरी येतात. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, "मूल हवंय ना, मग तीन महिने आधीपासून खाण्याकडे बघा." ती माझ्याकडे आली ती एवढंच विचारायला की बघायचं म्हणजे नक्की कुठे बघायचं. आणि जाताना म्हणाली, "काकू, कुणाला सांगू नका हं."

मी कुणाला सांगितलं नाही. तरीही आठवड्यात कुणकुण लागलीच, कारण तिनं पुढे आलेल्या चहाला "नको" म्हटलं. कारण विचारल्यावर म्हणाली, "डाएटवर आहे." हा शब्द आमच्या भागात अभेद्य चिलखत समजला जातो. पण त्याचा परिणाम उलटाच झाला. डाएट म्हटल्याबरोबर सगळ्यांनी तिला वजन उतरवायचे उपाय पुरवायला सुरुवात केली. भात सोड, सकाळी गरम पाण्यात लिंबू घे, रात्री जेवूच नकोस. दुसरीकडे साताऱ्याहून आलेल्या तिच्या मावशींचं मत असं, की बाई जरा अंगाने भरली पाहिजे, ह्या हाडांत मूल बसणार कुठे? म्हणजे एकाच मुलीनं एकाच महिन्यात वाळायचंही आणि भरायचंही.

मावशींची यादी तर ऐकण्यासारखी होती. पपई नको, उष्ण. तीळ नकोत, उष्ण. अंडं उष्ण, अननस उष्ण, गूळही फार नको. दही थंड, म्हणून तेही नको. केळ्यानं कफ होतो. ही सगळी वजाबाकी करून ताटात उरला तो दूधभात. मला पपईची नेहमी दया येते. दोष असलाच तर तो कच्च्या पपईच्या चिकात. पिकलेली पपई हे बिचारं साधं, स्वस्त, जीवनसत्त्वांनी भरलेलं फळ. पण कच्च्या वयातली बदनामी पिकल्यावरही तिला चुकत नाही. आपल्याकडे माणसांचंही असंच होतं म्हणा.

खरं सांगायचं तर ह्या काळात काय खावं ह्याचं उत्तर संध्याकाळच्या बायकांच्या डब्यात रोज मांडीवर घेतलेलं असतं. चर्चगेटहून सुटलेली भाईंदर गाडी दादर सोडते न सोडते तोच पिशव्यांतून मेथीच्या जुड्या बाहेर येतात. जुडीचा बंद नखाने सोडायचा, मुळाकडचा भाग पिशवीत, मांडीवर वर्तमानपत्र. मग दोन बोटांनी पानं खुडायची. कोवळा देठ ठेवायचा, जून देठ टाकायचा, पिवळं पान शेजारणीला दाखवून "बघा, ह्याचे वीस रुपये घेतले" म्हणायचं. कांदिवलीपर्यंत अर्धी जुडी होते. दहिसरची खाडी येते तेव्हा शेवटची काडी खुडून झालेली असते, आणि मीरा रोडला उतरणारी दाराशी जायला मोकळी. तोवर कुणाच्या सुनेला काय सांगितलं, कुणाला कुठल्या डॉक्टरचा गुण आला, हेही सगळं निवडून झालेलं असतं.

त्या मेथीच्या पानात जे असतं त्याचा माग ह्याच मुंबईत लागला, ही गोष्ट मात्र डब्यातल्या एकीलाही ठाऊक नसते. १९२८ साली लूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या बायकांना गरोदरपणी एक भयंकर रक्तक्षय होत असे, त्याचं कारण तिला शोधायचं होतं. तिनं जंतू तपासले, मग त्या बायका काय खातात ते पाहायला लागली. ताटात भाजी, फळ, दूध, प्रथिनं ह्यांचा ठणठणाट होता. उंदीर झाले, माकडं झाली, आणि अखेर तिनं ह्या बायकांना मार्माइट देऊन पाहिलं. हा इंग्रजांचा पावाला लावायचा एक काळाकुट्ट खारट चिकट पदार्थ. बिअर गाळल्यावर उरलेल्या यीस्टपासून करतात. म्हणजे परळच्या गिरणीकामगार बायका बऱ्या झाल्या त्या दारूच्या गाळाने! सासरी कळलं असतं तर काय झालं असतं ह्याची कल्पना करवत नाही. १९३१ साली तिनं हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापलं. मार्माइटमधला तो गुणकारी पदार्थ कोणता हे तिला तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून कित्येक वर्षं तो 'विल्स फॅक्टर' म्हणूनच ओळखला जात होता. पुढे १९४१ साली अमेरिकेत काही शास्त्रज्ञांनी चार टन पालक चिरडून, गाळून, आटवून त्यातून तो काढला. फोलिक ॲसिड ते हेच. चार टन पालक निवडला कुणी, हे त्यांनी लिहिलेलं नाही. आमच्या डब्याला सांगितलं असतं तर बोरिवलीपर्यंत करून दिला असता.

लूसीबाई स्वतः आयुष्यभर अविवाहित राहिल्या. परळच्या बायकांनी त्यांनाही "काही विशेष?" विचारून घेतलं असणार, ह्याविषयी माझ्या मनात शंका नाही.

आता हे फोलिक ॲसिड गोड बातमीच्या आधी कशाला, बातमी आल्यावर घेतलं तर नाही का चालत? इथेच सगळी मेख आहे. बाळाचा मेंदू आणि कणा ज्यातून घडतो ती मज्जानलिका गर्भ राहिल्यापासून साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटून पक्की होते. त्या वेळी पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. बाई अजून "प्रवासाची दगदग झाली असेल" म्हणत असते, नवऱ्याचं लक्ष क्रिकेटमध्ये असतं, आणि पाया घालून झालेलासुद्धा असतो. पेढ्यांचा पुडा सुटतो तेव्हा हे काम उरकलेलं असतं. म्हणून आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅमची ती पिवळी गोळी. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने अनेक देशांत केलेल्या चाचणीतून फोलिक ॲसिडचा उपयोग वादापलीकडे गेला. गोळी सुरू केली म्हणून मेथी, पालक, हरभरे, मूग, शेंगदाणे सोडायचे असंही नाही. मात्र पालेभाजी रटरटवून तिचं पाणी मोरीत ओतलं की फोलेटही त्याच पाण्याबरोबर जातं.

गोळीपेक्षा मला दुसऱ्या एका प्रयोगाचं जास्त कौतुक आहे. तो मुंबईच्याच झोपडपट्ट्यांत झाला. 'सरस' हे त्याचं नाव. वांद्र्याच्या सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंजने इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांच्या साथीने २००६ पासून काही वर्षं तो चालवला. प्रयोग काय, तर बायकांना रोज खाऊ द्यायचा. निम्म्या बायकांच्या खाऊत हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध. निम्म्यांच्या खाऊत बटाटा, कांदा वगैरे. दोन्ही खाऊ भजी-सामोशाच्या रूपात, गरमगरम, कारण कोंबलेलं औषध कुणी खात नाही आणि तळलेलं कुणी सोडत नाही. वस्तीतल्या केंद्रावर जाऊन समोर बसून खायचं, आणि कुणी किती खाल्लं ह्याची नोंद व्हायची. गर्भ राहण्याच्या आधीपासून बाळंतपणापर्यंत. ६,५१३ बायकांचा हा प्रपंच.

आता एखाद्या वर्तमानपत्राला ह्यातून 'भजी खा, गोंडस बाळ मिळवा' असा मथळा सुचला असता. पण निकाल तितका पाघळलेला नव्हता, म्हणून तर मला तो आवडतो. सरसकट सगळ्या बायकांचा हिशेब घेतला तर बाळांच्या वजनात ठळक फरक पडला नाही. ज्यांनी गर्भ राहण्याच्या तीन महिने किंवा त्याहून आधी खाऊ सुरू केला होता, त्यांची बाळं मात्र सरासरीने ४८ ग्रॅम जास्त भरली. आणि हा फरक दिसला तो मुळात फार हडकुळ्या नसलेल्या बायकांत. ४८ ग्रॅम म्हणजे दोन पेढे. ऐकायला काहीच नाही, पण कुठलाही डॉक्टर सांगेल की नुसत्या खाऊने एवढं मिळणं ही चैन आहे. आणि दुसरी गोष्ट ह्याहून मोठी. गरोदरपणातला मधुमेह बटाट्याच्या गटात १२.४ टक्के बायकांना झाला, पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के. ना इंजेक्शन, ना महागडी पावडर. पाला, फळ, दूध, थोडं तळण.

पालेभाजी, फळ, दूध ह्याच तीन गोष्टी त्याआधी पुण्याजवळच्या गावांत सापडल्या होत्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी १९९३ पासून सहा गावांतल्या लग्न झालेल्या बायकांच्या खाण्यापिण्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. शेतात राबणाऱ्या, चणीने बारीक बायका. त्यांच्यात किती उष्मांक खाल्ले, किती प्रथिनं खाल्ली ह्याच्याशी बाळाच्या आकाराचा संबंध जुळेना. जुळला तो पालेभाजी, फळ आणि दूध किती वेळा पोटात गेलं ह्याच्याशी. "दोघांचं खा" म्हणून भाताचा डोंगर वाढणाऱ्या समस्त सासवांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

पण त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली आणि ती आमच्या इमारतीच्या मर्मावर बोट ठेवणारी आहे. त्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींत बी-१२ कमी होतं. ज्या आयांचं फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, त्यांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. म्हणजे नुसती फोलिकची गोळी घेऊन निर्धास्त व्हायचं नाही, बी-१२ तपासून घ्यायचं. आणि हे बी-१२ झाडपाल्यात नाही. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे आणि मटणात.

मीरा-भाईंदरला ताटात काय असावं हा घरातला विषय राहत नाही, तो महापालिकेपर्यंत जातो. २०१५ साली पर्युषणातल्या मांसविक्रीबंदीवरून आमच्या गावाचं नाव देशभर झालं होतं. पण लिफ्टमध्ये तसं काही दिसत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या जैन बेन कांदा-लसूणही घरात आणत नाहीत, मात्र त्यांच्याकडचं दही असं लागतं की सुरीने कापावं. बी-१२ म्हणून रोज वाटीभर दही आणि ग्लासभर ताक वरच्या मुलीनं त्यांच्याकडूनच सुरू केलं. विरजणही त्यांचंच. दुसरीकडे उत्तनच्या कोळणी भाईंदरच्या बाजारात बसतात. पावसाळा संपला की उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांना बोंबील लटकायला लागतात, तोंडात तोंड अडकवून, जोडीजोडीने. त्या कोळणीला मी विचारलं, मूल व्हायच्या आधी कुठली मासळी बरी? ती म्हणाली, "मावशी, ताजी असली की समदी बरी." शास्त्र ह्याला एकच पुरवणी जोडतं: शार्कसारख्या मोठ्या, दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या मासळीत पारा साठतो, तेव्हा ती टाळावी, बोंबील, मांदेली, बांगडा ह्या लहान मंडळींशी घरोबा ठेवावा.

दही जैनाचं, बोंबील कोळणीचा, खजूर नया नगरच्या मैत्रिणीनं दिलेला. मला वाटतं, मीरा-भाईंदरचा खरा एकोपा कुठे असेल तर तो ह्या मुलीच्या पोटात.

मिठाची गोष्ट राहिलीच. आमच्या गावाच्या कडेला खाडीलगत पिढ्यान्‌पिढ्यांची मिठागरं आहेत. उन्हाळ्यात गाडीतूनही पांढरे ढीग दिसतात. त्या पांढऱ्या ढिगांत आयोडीन नावाला असतं. ते वेगळं घालावं लागतं, तेव्हा ते पिशवीतल्या मिठात येतं. बाळाच्या मेंदूला पहिल्या आठवड्यांपासून आयोडीन लागतं. आणि नेमकं ह्याच वेळी वरची मुलगी आरोग्याच्या नादाने गुलाबी सैंधवावर गेली होती. चारपट किंमत देऊन आयोडीन काढून टाकलं होतं म्हणा ना! मी तिला साधी पिशवी आणायला लावली. "काकू, पण ते प्रोसेस्ड असतं," म्हणाली. म्हटलं, बाई, तूही लोअर परळच्या नवऱ्यासाठी रोज प्रोसेस होतेसच.

उपासांचा पेच मात्र नाजूक. तिच्या सासूबाईंनी सोळा सोमवार सांगितले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उपाशी राहू नका. देव आणि डॉक्टर दोघांची फाइल एकाच वेळी उघडी. आपल्या पूर्वजांनी ह्यावर फार पूर्वीच तोडगा काढून ठेवला आहे: एकादशी आणि दुप्पट खाशी. अडचण एवढीच, की दुप्पट खातो तो साबुदाणा. ज्या कंदापासून तो होतो तो कंद पोर्तुगीजांनी ब्राझीलकडून आणलेला, कारखाने तमिळनाडूतल्या सेलमकडे, आणि अंगी पिष्टाशिवाय काही नाही. इतक्या परक्या पदार्थाला आपण उपासाचं सोवळं कसं दिलं हे कोडंच आहे. मी सासूबाईंना म्हटलं, उपास करू दे, पण राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दही, फळं असा करू दे. सासूबाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "शंकराला चालेल. मला चालेल की नाही ते बघते."

इथवर सगळं ताट तिचंच चाललं आहे हे लक्षात आलं ना? चुकून नव्हे, आपल्याकडे ते असंच चालतं. दशरथाने पुत्रकामेष्टी यज्ञ केला, अग्नीतून पायस आलं, ते त्याने राण्यांना वाटलं. स्वतः चमचाभरही घेतल्याचं कुणी सांगत नाही. एक वाटा घारीने पळवला तोही अंजनीच्याच ओंजळीत पडला, अशी आपल्याकडची कथा. मच्छिंद्रनाथांनी दिलेलं भस्मसुद्धा बाईलाच. तिनं ते उकिरड्यात टाकलं तर बारा वर्षांनी तिथून गोरखनाथ निघाले. म्हणजे दिलेलं औषध न घेतल्याचा ठपकाही बाईवरच! नवरे ह्या सगळ्या कथांत आहेत, पण पंगतीत नाहीत.

एकटे चरक मात्र न्यायी निघाले. त्यांच्या शारीरस्थानात दोघांनाही पथ्य आहे: पुरुषाने तूप आणि दूध, बाईने तीळतेल आणि उडीद. म्हणजे मावशींनी वर्ज्य केलेले तीळ चरकांनी बाईच्या पानात वाढून ठेवले आहेत. पण घरोघर चरकांचं नाव निघतं ते बाईच्या पथ्यापुरतं. पुरुषाचं ते पान उलटलंच जात नाही. डॉक्टर काय सांगतात? मूल होत नाही अशा जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनेही काहीतरी कमतरता असते. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, तेव्हा आज त्याने जे खाल्लं, प्यायलं, ओढलं त्याचा हिशेब अडीच महिन्यांनी निघतो. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे असं सरकार म्हणतं. मीरा रोड स्टेशनबाहेरची भिंत तसं म्हणत नाही. सिगारेट, तंबाखू, दारू, मांडीवर तापणारा लॅपटॉप, रात्री साडेदहाला जेवण, आणि जेवणाआधी फलाटाबाहेर दोन वडापाव. वरचा तरुण म्हणजे ह्या यादीचा चालताबोलता नमुना. फक्त गुटखा वजा.

"काकू, मला काय झालंय? मी ठणठणीत आहे," तो म्हणाला. म्हटलं, ठणठणीत माणसालाही डबा लागतो. तेव्हापासून तिनं एकच केलं: दोन डबे एकसारखे भरायचे. तिच्यात मेथीची परतलेली भाजी तर त्याच्यातही. तिच्यात मोडाची मटकी, वर लिंबाची फोड, की लोह नीट अंगी लागावं, तर त्याच्यातही फोड. जेवणावर लगेच चहा नाही, कारण चहा लोह अडवून धरतो. तर त्यालाही नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या ऑफिसातल्या लोकांना वाटलं की घरी भांडण झालंय.

आणि एक गोष्ट मीच त्या दोघांना स्पष्ट सांगितली, कारण डब्यातल्या बायका ती कधीच सांगत नाहीत. पालक नळ्या उघडत नाही. डिंक वीर्याचा अहवाल बदलत नाही. वजन जास्त असून पाळी अनियमित असेल तर पाच-दहा टक्के वजन उतरल्याने पुष्कळदा फरक पडतो, हे खरं. पण वर्षभर प्रयत्न करून जमलं नाही, आणि तिनं पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांतच, दोघांनी मिळून तपासण्या करून घ्याव्यात. १९८६ साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, त्यालाही आता चाळीस वर्षं व्हायला आली. मदत घ्यायला लाजण्याचे दिवस संपले. न होण्यात कुणाच्या खाण्याचा गुन्हा नसतो, हे ज्या बाईने तिन्ही त्रिकाळ पथ्य पाळलं तिला सांगायला सगळ्यात अवघड जातं. पथ्य पाळलं की पास व्हायलाच हवं, असं तिला आपणच शिकवलेलं असतं.

म्हणून मला ते चाळीस घटकांचे डाएट चार्ट आवडत नाहीत. सकाळी सहाला भिजवलेले बदाम पाच, सात वाजता अंजीर दोन, साडेसातला नारळपाणी. विरार गाडीत एका पायावर उभ्या असलेल्या माणसाला साडेसातला नारळपाणी कोण देणार? वरण-भात-तूप-लिंबू, पालेभाजी, भाकरी, वाटीभर उसळ, वाटीभर दही, ऋतूचं फळ, आणि ज्याला चालतं त्याने अंडं किंवा मासा. ह्यात नवीन काय, असं तिनंही विचारलं होतं. नवीन एवढंच, की हे दोघांनी, वेळेवर आणि बसून खायचं. बसून हा शब्द उच्चारल्यावर दोघंही हसले. दहिसरच्या पुढे राहणाऱ्या कुणालाही तो विनोदच वाटतो.

पुढे काय झालं ते मी लिहिणार नाही. ती माझी बातमी नाही. चैत्रातली एक हकिगत मात्र सांगते. वरचा तरुण बाजारातून येत होता. हातातल्या जाळीच्या पिशवीत चार हिरव्यागार कैऱ्या, चिंचेचा गोळा आणि गुळाची ढेप. घरी चैत्रागौरीचं हळदीकुंकू होतं, आंबेडाळ आणि पन्हं करायचं होतं, सामान आणायचं काम त्याच्याकडे आलं होतं. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या बेन भेटल्या. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा पिशवीकडे पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत. तिन्हीसांजेच्या आत मला तीन फोन आले, तिन्हींत प्रश्न एकच: "कैऱ्या आणल्या म्हणे?" मी म्हटलं, हो, आणल्या. त्याला डोहाळे लागलेत.